पुण्याला शिकायला पाठवण्यापूर्वी



ह्या पानावर दर अंकात मी बेणे, खत, पाणी आणि हुमणी ह्यांविषयी लिहितो. ह्या खेपेस विषय वेगळा आहे, पण तोही बांधावरच भेटलेला. लागणीची नोंद घ्यायला गेलो की उसाचे बोलणे दहा मिनिटांत उरकते आणि मग सभासद हळूच विचारतात, "साहेब, पोराचं काय करायचं?" आजोबांच्या नावावर दहा एकर, वडिलांकडे पाच, आता दोघा भावांत अडीच-अडीच. अडीच एकरांत आडसाली कितीही चांगली साधली तरी तोडीला सोळा-अठरा महिने जातात. म्हणून पोरगा दहावी झाला की नजर पुण्याकडे वळते. त्यात गैर काही नाही. पण जाताना उसाच्या बिलाचा चेक नेमका कुठे मोडतो, ते पाहायला हवे.

आधी स्वतःच्या घरचेच सांगतो. चार वर्षांमागे माझ्या थोरल्या भावाने मुलाला पुण्यातल्या एका खाजगी क्लासात घातले. 'इंडस्ट्रियल ऑटोमेशन डिप्लोमा, शंभर टक्के नोकरी' अशी जाहिरात होती. भावाने मला विचारले आणि मीही पत्रक वरवर चाळून "घाला" म्हटले. खोडव्याचे सगळे बिल फीत गेले. सहा महिन्यांनी पोरगा रंगीत सर्टिफिकेट घेऊन चाकणच्या एका कंपनीच्या गेटवर उभा राहिला. तिथल्या माणसाने कागद उलटसुलट करून एकच विचारले, "एनसीव्हीटी आहे का?" ते नव्हते. मग वर्षभर पोराने कंत्राटदाराकडे पेट्या उचलल्या. भाऊ मला एवढेच म्हणाला, "तू अधिकारी माणूस, तुला कळंना व्हय?" मी मान खाली घालून ऐकून घेतले. दुसऱ्याच्या बेण्याचा प्लॉट डोळ्यांनी पाहिल्याशिवाय लावू नका असे गावोगाव सांगणारा मी, घरच्या पोराच्या बाबतीत पत्रकावर विसंबलो होतो.

तर हे एनसीव्हीटी म्हणजे काय? कारागीर प्रशिक्षणाची योजना देशात १९५० साली सुरू झाली आणि १९५६ साली त्यासाठी राष्ट्रीय परिषद नेमली गेली. तिच्या नावाची ही इंग्रजी आद्याक्षरे. पुढे २०१८ साली केंद्राने नवी परिषद स्थापून कारभार तिच्याकडे दिला, तरी गेटवर अजून जुनेच नाव चालते. आयटीआयची अखेरची परीक्षा पास झाल्यावर मिळणारे राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र देशात कुठेही ओळखले जाते. महाराष्ट्रात आयटीआयचा कारभार राज्याचे व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय पाहते, पॉलिटेक्निकची परीक्षा तंत्रशिक्षण मंडळ घेते आणि पदवी विद्यापीठ देते. जाहिरातीतल्या कोर्सला ह्यांपैकी कुणाची मान्यता आहे, हे आधी विचारावे. "आमचे स्वतःचेच सर्टिफिकेट आहे, कंपन्यांशी टायप आहे" असे उत्तर आले तर चहा पिऊन परत यावे.

पुण्यात औंधला शासकीय आयटीआय आहे, मुलींची वेगळी आयटीआयही तिथेच आहे. पिंपरी-चिंचवड महापालिकेची स्वतःची आयटीआय मोरवाडीला आहे. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन हे दोन वर्षांचे व्यवसाय, वेल्डर एक वर्षाचा. वेल्डर, वायरमन अशा काही व्यवसायांना दहावी नापास मुलगाही चालतो, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसते आणि तो मुलगा उगाच दोन-तीन वर्षे परीक्षेला बसत राहतो. शासकीय संस्थेची फी खाजगीच्या मानाने किरकोळ असते. खर्च होतो तो खोलीचा आणि खानावळीचा. म्हणून पहिला पर्याय आपल्या तालुक्याची आयटीआय हाच धरावा. प्रमाणपत्र तेच, आणि रात्री पोरगा घरी जेवायला. पुणे खरे उपयोगी पडते ते त्यापुढच्या पायरीला.

ती पायरी म्हणजे ॲप्रेंटिसशिप. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे कारखान्यांनी शिकाऊ उमेदवार घ्यायचे असतात. आजच्या नियमांत तीस किंवा त्याहून जास्त माणसे असलेल्या आस्थापनेला ते बंधनकारक आहे आणि प्रमाण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के. पिंपरी, भोसरी, चाकण, रांजणगाव ह्या पट्ट्यात एवढे कारखाने आहेत की तेवढ्या जागा आपल्या तालुक्यात निघणार नाहीत. आयटीआय झालेल्या फिटरला साधारण एक वर्ष खऱ्या यंत्रावर काम करायला मिळते, शेवटी परीक्षा होते आणि दुसरे राष्ट्रीय प्रमाणपत्र हातात पडते. वर विद्यावेतन. २०१९ च्या नियमदुरुस्तीने ते दहावी पासला महिना किमान ६,००० रुपये, आयटीआयवाल्याला ७,०००, डिप्लोमावाल्याला ८,००० आणि पदवीधराला ९,००० असे ठरवले. करारावर ह्याहून कमी आकडा दिसला तर सही करू नये. पुण्यातली खोली आणि जेवण त्यात जेमतेम भागते. घरून थोडे पाठवावे लागेल, हेही धरून चालावे.

इथे एक फसगत होते. काही ठिकाणी पोरांना 'ट्रेनी' म्हणून घेतात, टोपी-बूट देतात आणि वर्षभर एकाच पट्ट्यावर नट आवळायला लावतात. असल्या ट्रेनीपणाच्या शेवटी ना परीक्षा असते ना प्रमाणपत्र. खऱ्या ॲप्रेंटिसचा लेखी करार असतो, त्याची नोंद केंद्र शासनाच्या पोर्टलवर होते आणि मुलगा अठराच्या आतला असेल तर पालकाचीही सही लागते. सल्लागार अधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय त्याला ओव्हरटाइम लावता येत नाही. उलट बाजूही सांगितली पाहिजे. वर्ष संपल्यावर नोकरी द्यायलाच हवी, असे बंधन कायद्याने कंपनीवर घातलेले नाही. 'ॲप्रेंटिस म्हणजे परमनंट' असे कुणी सांगितले तर ते खोटे समजावे.

आणि लांब कशाला? हाच कायदा साखर कारखान्यालाही लागू आहे. मिल हाऊसला फिटर-वेल्डर लागतात, टर्बाइनला इलेक्ट्रिशियन लागतो, बॉयलरवर परीक्षा पास झालेला अटेंडंट लागतो. हंगामात तीन पाळ्यांत काम करून तयार झालेल्या मुलाला यंत्राचे जे कळते, ते वर्गात बसून कळत नाही. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्या मुलामुलींसाठी मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये साखर आणि अल्कोहोल तंत्रज्ञानाचे अभ्यासक्रम आहेत. ही संस्था १९७५ साली ऊस उत्पादकांच्या पैशातूनच उभी राहिली, तिच्यावर आपलाही हक्क आहे.

हल्ली जाहिरातींत 'कम्युनिटी कॉलेज' हा शब्द दिसू लागला आहे आणि दोघा-तिघा सभासदांनी त्याचा अर्थ विचारला. मूळ कल्पना अमेरिकेतली. तिथे इलिनॉय राज्यात जोलिएट गावी १९०१ साली असे पहिले सार्वजनिक कॉलेज निघाले. दोन वर्षांचे शिक्षण, फी कमी, त्याच भागातल्या उद्योगांना लागणारे विषय, आणि कामावरची माणसेही संध्याकाळी येऊन शिकू शकतात, असा एकूण बेत. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३-१४ पासून काही कॉलेजांना अशा अभ्यासक्रमांसाठी मदत दिली आणि पाठोपाठ बी.व्होक. ही पदवी आणली. बी.व्होक.ची सोय मला पटते. एक वर्ष करून सोडले तर डिप्लोमा, दोन वर्षांनी ॲडव्हान्स्ड डिप्लोमा, तिसऱ्या वर्षी पदवी. घरच्या अडचणीने मुलाला मध्येच परतावे लागले तरी हात रिकामे राहत नाहीत. मात्र 'कम्युनिटी कॉलेज' ही पाटी कुणीही लावू शकतो. कोर्स कोणत्या विद्यापीठाचा, हा प्रश्न इथेही सुटत नाही.

आयटीआय केले म्हणजे शिक्षण तिथेच थांबले, ही समजूतही चुकीची आहे. दहावीनंतर दोन वर्षांची आयटीआय केलेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो आणि डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. वाट लांबची खरी, पण हात चालवत जाणारी.

माझ्या पुतण्याचे पुढे काय झाले, असे कुणी विचारीलच. पेट्या उचलण्याचे वर्ष संपल्यावर त्याने फिटरला प्रवेश घेतला, त्याच्यापेक्षा लहान मुलांबरोबर बसून दोन वर्षे काढली. सध्या एका कंपनीत ॲप्रेंटिस आहे. मागच्या दिवाळीला आला तेव्हा भावाची पाण्याची मोटर त्याने स्वतः उतरवून दुरुस्त केली. भाऊ काही बोलला नाही, नुसता पान्हे देत बसला होता.

आयटीआयचे अर्ज दहावीच्या निकालाच्या सुमारास ऑनलाइन भरावे लागतात. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रक, आधार, रहिवासी दाखला आणि लागू असेल तर जातीचा दाखला आधीच काढून ठेवावा, कारण निकालानंतर तहसीलला रांग लागते. कोणत्याही कोर्सचे पत्रक घरी आले असेल तर पैसे भरण्यापूर्वी ते आपल्या गट ऑफिसात आणून दाखवावे. शेतकी खात्यातला आमचा माणूस मान्यता तपासून देईल. मीही आता पत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो.

— ऊस विकास अधिकारी