दहा हजार होऊ द्या

पोटॅशियम-40 चं अर्धायुष्य 125 कोटी वर्षं. पुस्तकात हा आकडा वाचल्यापासून एकच शंका डोक्यात होती : एवढा काळ घड्याळ लावून बसलं कोण? पुण्यातल्या एका महाविद्यालयात एम.एस्सी.ची मुलं हे एका दुपारात मोजतात असं कळलं, आणि मी जाऊन बसलो.

वाट कुणी पाहत नाही. टेबलावर पोटॅशियम क्लोराइडची बाटली होती; शेतकरी पोटॅश म्हणून पोत्यानं नेतात तेच, फक्त शुद्ध. त्यातल्या एक लाख पोटॅशियम अणूंत किरणोत्सारी जेमतेम 12. तरी एका ग्रॅममध्ये दर सेकंदाला सोळा-सतरा फुटतातच. त्यांना अशा अणूंच्या एकूण संख्येनं भागलं की क्षयाचा वेग मिळतो, वेगावरून अर्धायुष्य.

एप्रिलचा उकाडा, आणि पंखा बंद. तराजूची काचेची दारं लावून एक मुलगी आकडा स्थिरावायची वाट पाहत होती. चौथा दशांश हलला की पुन्हा थांबायची. मीठ आधी वाळवलेलं, कारण ओल राहिली तर पाण्याचं वजनही पोटॅशियमच्या खात्यावर चढतं. मग ॲल्युमिनियमच्या थाळीत तिनं ते पातळ पसरलं. थर जाड झाला तर खालचे बीटा कण मिठातच जिरतात. रिकाम्या थाळीची नोंद सकाळीच झाली होती. भिंतींतून, आकाशातून कण येतच असतात. भरलेली थाळी शिशाच्या कवचात, गायगर नळीखाली गेली.

आकडे पळू लागले. पाच मिनिटांत मी विचारलं, "आला का अंदाज?"

"सर, दहा हजार होऊ द्या."

अणू कधी फुटेल याला नेम नाही. शंभर नोंदींत चूक दहाची, म्हणजे दहा टक्के. दहा हजारांत शंभराची, एक टक्का. मैत्रीण चहाला बोलवायला आली, तिलाही तेच उत्तर : "दहा हजार होऊ दे."

नळी सगळे कण पकडत नाही. किती पकडते ते ज्ञात स्रोत ठेवून ठरवतात. मोजणी यंत्र बिनबोभाट करतं. माझ्या मते या कामाची खरी परीक्षा त्या बंद पंख्याखाली होते : मुळात अणू होते किती? पोटॅशियमचं निदान वजन तरी करता येतं. लोह-60 नमुन्यात इतकं थोडं असतं की ते तराजूवर घालताच येत नाही. त्याचं अर्धायुष्य 1984 मध्ये सुमारे 15 लाख वर्षं ठरलं होतं. 2009 मध्ये ते नव्यानं मोजलं, तेव्हा 26 लाख निघालं.