टूथपेस्टने उजळलेला हेडलाईट आणि राहून गेलेली पट्टी

गाडीच्या हेडलाईटची काच जुनी झाली की पिवळट, दुधी दिसायला लागते. तिच्यावर टूथपेस्ट घासा, दहा मिनिटांत नव्यासारखी होते, असं सांगणारे ढीगभर व्हिडिओ आहेत. आणि खरं सांगायचं तर ते खोटे नाहीत. काच खरंच उजळते. आमच्या बाबांनीही दोन वर्षांपूर्वी तेच केलं, मला फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, ‘तुमच्या पीएचडीपेक्षा भारी.’ पुढच्या उन्हाळ्यापर्यंत काच परत दुधी.

हा गमतीचा विषय राहिला नाही, कारण बाबा साखर कारखान्यात आहेत. गळीत हंगामात त्यांना रात्रपाळी असते आणि त्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या चालतात, बऱ्याच जणींच्या मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. एका रात्री ट्रॉलीबाहेर आलेली उसाची टोकं त्यांना दिसली तेव्हा ती बॉनेटपासून हातभर लांब होती. अमेरिकेतल्या एएए या वाहनचालकांच्या संघटनेने २०१८ साली मोजणी केली, तर खराब काचांच्या दिव्यांतून नव्याच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याएवढा प्रकाश पुढे जात होता. बाबांना हा आकडा सांगितला तर म्हणाले, ‘ते मला आकड्याशिवाय कळलंय.’

आता ही ‘काच’ मुळात काच नाहीच. ते पॉलिकार्बोनेट आहे. दगड बसला तरी फुटत नाही, पण त्याचे दोन दोष आहेत: चटकन ओरखडे पडतात आणि उन्हातले अतिनील किरण त्याला सोसत नाहीत. म्हणून कारखान्यातच त्यावर काही मायक्रोमीटर जाडीचा कडक, अतिनील किरण अडवणारा थर दिलेला असतो. वर्षानुवर्षांच्या उन्हाने, धुळीने तो थर झिजतो, सुटतो, आणि खालचं पॉलिकार्बोनेट उघडं पडतं. मग किरण त्याच्या रेणूंच्या साखळ्या तोडतात, हवेतला ऑक्सिजन त्यात शिरतो. तयार होणारे काही पदार्थ निळा प्रकाश शोषतात, म्हणून काच पिवळी दिसते. पृष्ठभागाला बारीक भेगा आणि खड्डे पडतात, तिथे प्रकाश विखुरतो, म्हणून ती दुधी दिसते. पिवळेपणा आणि दुधीपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत करू नका.

त्या वेगळ्या ओळखायला वाटीभर पाणी पुरतं. काचेवर पाणी ओता. दुधीपणा जवळजवळ गायब होतो, पिवळेपणा तसाच राहतो. पॉलिकार्बोनेटचा अपवर्तनांक साधारण १.५८, हवेचा १, पाण्याचा १.३३. खड्ड्यांत हवेऐवजी पाणी भरलं की फरक कमी होतो आणि विखुरणंही कमी होतं. (पाणी ओतूनही धुरकट दिसत असेल तर दोष आतल्या बाजूला आहे, बाहेरून कितीही घासा, उपयोग नाही.) हे कळल्यावर मी बाबांचा तो फोटो परत काढून पाहिला. काचेवर पाण्याचे थेंब होते! नंतर जे व्हिडिओ पाहिले त्यांतही बरेचदा ‘नंतरचं’ दृश्य धुतल्या धुतल्या, त्याच तासात घेतलेलं. म्हणजे मोजमाप चुकीच्या वेळी आणि ओल्या पृष्ठभागावर.

आणखी एक. मोबाईलमधल्या प्रकाशमापकाने तपासावं असं वाटतं, मलाही वाटलं. पण तो दिव्यासमोर धरला तर पुढे आलेला सगळाच प्रकाश मोजतो, सरळ गेलेला आणि विखुरलेला. प्रयोगशाळेत पारदर्शक प्लास्टिकचा धूसरपणा मोजताना अडीच अंशांपेक्षा जास्त वळलेला प्रकाश वेगळा काढतात. रस्त्यावर नेमका तोच वळलेला भाग समोरच्या चालकाच्या डोळ्यांत जातो आणि ट्रॉलीवर पडत नाही. घरच्या घरी मी एवढंच केलं: अंधारात गाडी भिंतीपासून ठरावीक अंतरावर लावायची आणि भिंतीवरच्या झोताची कड किती रेखीव आहे ते मोबाईल त्याच जागी, त्याच सेटिंगवर ठेवून टिपायचं. काच कोरडी करून, हे वेगळं सांगायला नको.

गेल्या दिवाळीत डावा दिवा पूर्ण नीट केला. आजूबाजूच्या रंगावर मास्किंग टेप. मग वॉटर पेपर पाण्यात भिजवून १०००, १५००, २०००, ३००० अशा चढत्या नंबरने, प्रत्येक वेळी आधीच्या घासण्याला आडवं घासत. प्रत्येक टप्प्यानंतर पुसून, वाळवून बघायचं, कारण ओली काच सगळं झाकते. आधीच्या नंबरचे ओरखडे उरले असतील तर पुढे जायचं नाही. मग रबिंग कंपाऊंड, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणं आणि शेवटी अतिनील किरण रोखणारा टू-के क्लिअर कोट. या कोटच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते फुप्फुसांना वाईट, त्यामुळे उघड्यावर आणि योग्य फिल्टरचा मास्क लावूनच फवारा. साधा कापडी मास्क इथे कामाचा नाही.

उजव्या दिव्यावर प्रयोग. डावा आणि उजवा दिवा एकमेकांशी ताडायचे नव्हते, कारण अंगणात गाडीची डावी बाजू कडुनिंबाच्या सावलीत असते. म्हणून एकाच काचेवर मधोमध उभी टेप. आडवी नाही, कारण वरच्या भागाला खालच्यापेक्षा जास्त ऊन लागतं. अर्ध्या भागावर फक्त टूथपेस्ट, अर्ध्यावर पेपर आणि कोट. त्या दिवशी कोरड्या काचेवरही दोन्ही अर्धे जवळपास सारखे दिसत होते. मे महिन्यात मधली रेघ रस्त्यापलीकडून दिसायला लागली.

हे फोटो मी मोठ्या उत्साहात लॅबमध्ये दाखवले. शेजारच्या टेबलावरच्या सीनियर ताईने दोन मिनिटं बघितलं आणि विचारलं, ‘फरक कोटमुळे पडला हे तुला कसं कळलं? पेपरमुळेही असेल ना?’

गप्प बसलो. टूथपेस्टमधले बारीक कण खराब थराचा थोडासाच भाग काढतात, वॉटर पेपर तो पूर्ण काढतो. म्हणजे मी दोन गोष्टी एकदम बदलल्या होत्या. उत्तर कोटच असणार, हे मला रसायनशास्त्र सांगतं: घासून उघडं केलेलं पॉलिकार्बोनेट संरक्षणाशिवाय पुन्हा खराब होणारच, कितीही गुळगुळीत केलं तरी. पण माझ्या फोटोंमधून ते सिद्ध होत नाही. तिसरी पट्टी हवी होती, पेपरने घासलेली पण बिनकोटाची. आणि खरं तर चौथी, हातच न लावलेली.

बाबांच्या गाडीवर ती चौथी पट्टी ठेवायला मी तयार नव्हतो, आणि ते बरोबरच होतं. मग भंगारवाल्याकडून त्याच मॉडेलचा एक पिवळा पडलेला दिवा आणला. पहिला विचार आला, लॅबमधल्या यूव्ही दिव्याखाली ठेवू, आठवड्यात निकाल. पण तो दिवा २५४ नॅनोमीटरचा. जमिनीवर पोचणाऱ्या सूर्यप्रकाशात साधारण २९५ नॅनोमीटरच्या खालचं जवळजवळ काहीच नसतं. २५४ वर पॉलिकार्बोनेट पिवळं पडतं खरं, पण मुख्यतः फोटो-फ्राईज नावाच्या पुनर्रचनेने. उन्हात, ऑक्सिजनच्या साथीने होणारी मोडतोड बरीच निराळी. निकाल लवकर मिळाला असता, पण तो वेगळ्याच प्रश्नाचा.

त्यामुळे सध्या तो दिवा होस्टेलच्या गच्चीवर दक्षिणेकडे तोंड करून तारेने बांधलेला आहे, चार उभ्या पट्ट्यांसकट. त्याचं काय ते मेपर्यंत कळणार नाही. हंगाम मात्र तेवढं थांबणार नाही, म्हणून या रविवारी घरी जाऊन उजव्या दिव्याचा टूथपेस्टवाला अर्धा भागही पेपरने घासून कोट मारणार आहे. तो प्रयोग तिथेच संपेल. पुढच्या सोमवारपासून बाबांची रात्रपाळी आहे.