डीएनएस सर्व्हर निवडताना आधी काम ठरवा

डोमेनच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधून देणारी डीएनएस यंत्रणा बंद पडली की वेबसाइट आणि ईमेल दोन्ही ठप्प होतात. त्यात कुणी खोटे उत्तर घुसवले तर धोका त्याहून मोठा, कारण बँकेचा पत्ता अचूक टाइप करूनही ग्राहक भलत्याच सर्व्हरवर पोहोचू शकतो. म्हणून ‘सगळे हेच वापरतात’ एवढ्यावर डीएनएस सर्व्हरचे सॉफ्टवेअर निवडू नये.

दोन वेगळी कामे

ऑथोरिटेटिव्ह सर्व्हर आपल्या डोमेनच्या नोंदी जगाला सांगतो. रिझॉल्व्हर आपल्या वापरकर्त्यांसाठी बाहेर चौकशी करतो आणि मिळालेली उत्तरे कॅशमध्ये ठेवतो. पहिला सर्वांना खुला हवा, दुसरा फक्त आपल्या नेटवर्कला.

कॅशमध्ये विष

प्रत्येक प्रश्नाचा ओळख क्रमांक १६ बिटांचा, म्हणजे ६५,५३६ शक्यता. प्रश्न नेहमी एकाच पोर्टवरून जात असेल, तर हा क्रमांक ताडून खोटे उत्तर कॅशमध्ये घुसवणे किती सोपे आहे, हे डॅन कॅमिन्स्की यांनी २००८ मध्ये दाखवले. त्यावर तातडीचा उपाय झाला तो दर प्रश्नाला वेगळा पोर्ट वापरण्याचा. डॅनियल बर्नस्टाइन यांच्या डीजेबीडीएनएस या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आधीपासूनच होती. पक्का बचाव मात्र नोंदींवर डिजिटल सही करणाऱ्या डीएनएससेकचा.

पर्याय

बाइंड दोन्ही कामे करतो. सोयी भरपूर, पण कोडही मोठा. २०१५ मध्ये त्यात सापडलेल्या एका दोषामुळे मुद्दाम रचलेल्या एकाच पॅकेटने सर्व्हर कोसळत असे. नेदरलँड्समधील एनएलनेट लॅब्सचा एनएसडी फक्त ऑथोरिटेटिव्ह काम करतो, तर त्यांचाच अनबाउंड हा रिझॉल्व्हर आहे. सुरक्षेबाबत काटेकोर असलेल्या ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमने बाइंड काढून हीच जोडी घेतली. नोंदी डेटाबेसमध्ये ठेवायच्या असतील तर पॉवरडीएनएस सोयीचा. त्यातही दोन कामांसाठी दोन स्वतंत्र प्रोग्रॅम आहेत.

बसवल्यावर

प्रोग्रॅम रूट म्हणून चालू ठेवू नका. झोन ट्रान्सफर (डोमेनच्या सगळ्या नोंदींची नक्कल) फक्त आपल्या दुय्यम सर्व्हरला द्या. मग बाहेरच्या नेटवर्कवरून ‘डिग’ ही आज्ञा चालवून आपल्या ऑथोरिटेटिव्ह सर्व्हरला परक्या डोमेनचा पत्ता विचारा. ‘रिफ्यूज्ड’ आले तर ठीक. पत्ता मिळाला, तर तुमचा सर्व्हर इतरांवरच्या हल्ल्यात वापरला जाऊ शकतो. रिकर्शन, म्हणजे बाहेर चौकशी करण्याची सोय, लगेच बंद करा.

निवड

साध्या सर्व्हरसाठी माझी शिफारस एनएसडी आणि अनबाउंडची. बाइंडच हवा असेल, तर त्याला एकच काम द्या आणि सुरक्षा अपडेट आले त्याच दिवशी लावा.