बरखास्त हुद्दा आणि बंद भट्ट्या

‘जेराल्ड फोर्ड’ या विमानवाहू नौकेवरील आठ भट्ट्यांपैकी सहा बंद पडलेल्या, आणि खलाशांच्या अंगी त्या दुरुस्त करण्याची कुवत असूनही कंत्राटदाराच्या माणसाची वाट पाहणे भाग, ही अमेरिकेचे नौदलमंत्री जॉन फेलन यांनी 2025 साली सिनेटच्या समितीपुढे सांगितलेली हकिकत अनेकांनी करमणूक म्हणून वाचली असेल. परंतु ज्या आरमाराने संगणकाचे अंतरंग जाणणाऱ्या खलाशांचा स्वतंत्र हुद्दा 1998 सालीच बरखास्त केला, त्याच्या मुदपाकखान्यावर ही पाळी यावी, याचे मला तरी नवल वाटत नाही.

‘डेटा सिस्टिम्स टेक्निशियन’ हा तो हुद्दा. रडारने टिपलेले लक्ष्य जहाजाजहाजांना बिनतारी कळवणारी संगणकव्यवस्था 1961 साली ‘ओरिस्कानी’, ‘किंग’ आणि ‘मॅहॅन’ या नौकांवर प्रथम बसवण्यात आली, आणि तिच्या गाभ्याशी असलेल्या युनिव्हॅक यंत्राच्या मूळ रचनेमागे, पुढे महासंगणकांमुळे विख्यात झालेल्या सीमूर क्रे यांची बुद्धी होती. कपाटाएवढ्या त्या यंत्राच्या स्मृतीत प्रत्येकी 30 बिटांचे 32,768 शब्द मावत. यंत्र अडले की तंत्रज्ञ दर्शनी फलकावरील दिव्यांच्या रांगेसमोर उभा राही, तीन-तीन दिव्यांच्या गटातून 0 ते 7 पैकी एकेक अंक उचलून दहा अंकांत अख्खा शब्द वाची, आणि मग मंडलांचे नकाशे पसरून, त्या जंजाळातून एका विवक्षित कार्डापर्यंत दोषाचा माग काढी. हे वाचन अक्षरओळखीइतके अंगवळणी पडलेली माणसे कॅलिफोर्नियातील मेअर आयलंडच्या नाविक शाळेत घडत.

पुढे यंत्रे भरवशाची झाली, बाजारात तयार मिळणारे संगणक जहाजांवर चढले, आणि ‘इलेक्ट्रॉनिक्स टेक्निशियन’ व ‘फायर कंट्रोलमन’ या दोन हुद्द्यांत जुने काम वाटून टाकण्यात आले. खर्चखात्याच्या दृष्टीने हा हिशेब बिनचूक. मात्र ज्ञान खलाशाच्या डोक्यातून निघून कारखानदाराच्या दप्तरी जमा होते, आणि भर समुद्रात ते दप्तर उघडायला कुणी नसते, याची नोंद जमाखर्चाच्या कोणत्याच रकान्यात होत नाही.

यापुढील करारांत दुरुस्तीचा हक्क नौदलाकडे असावा, अशी मागणी आता होत आहे. तो हक्क अवश्य मिळवावा. पण नकाशे हाती आले तरी ते वाचणारी माणसे लागतील, आणि मेअर आयलंडचा तळ तर 1996 सालीच बंद झाला.