घरचीं मिरीं घरांत

कोंकणांतील पोफळीवर चढविलेला मिऱ्यांचा वेल बागाइतदारास चार पैसे मिळवून देतो. परंतु त्याच्याच स्वयंपाकघरांत कित्येकदां बाजारची मिरपूड येते, हें नवल होय! अखंड मिऱ्यांत मिसळलेली पपईची बी लांबट, सुरकुतलेली व हिरवट-तपकिरी असल्यानें ओळखूं येते. पुडींत ती डोळ्यांस दिसत नाहीं. शिवाय, कुटून ठेविलेल्या मिऱ्यांतील सुगंधी तेल उडून जातें.

मिऱ्यांचा तिखटपणा पायपेरीन या द्रव्यामुळें असतो. त्याच्या योगानें लाळ सुटते, आणि हळदींतील करक्युमिन शरीरांत अधिक शोषलें जातें. सबब हळद-दुधांत चिमूटभर मिरपूड घालणें सयुक्तिक आहे. अम्लपित्ताच्या माणसानें मात्र ती बेतानें घ्यावी.

विक्रीपूर्वीं वर्षाच्या बेगमीचीं मिरीं चांगलीं वाळवून हवाबंद बरणींत ठेवावीं व लागतील तेव्हांच कुटावीं.