बंदुकीचे कपाट घेताना



उसाचे बिल खात्यावर जमा झाले की घरोघरी खरेदीची बोलणी सुरू होतात. कोणाला विहिरीवरची मोटार बदलायची असते, कोणाला गोठ्यावर पत्रे टाकायचे असतात, कोणाच्या घरी लग्न निघालेले असते. यंदा गट ऑफिसात दोन-तीन सभासदांनी मात्र वेगळाच प्रश्न काढला. वडिलांच्या वेळची बारा बोअर घरात आहे, परवाना आहे, पण ती ठेवायची कशात? साध्या कपाटात मावत नाही, आणि बाजारात ‘तिजोरी’ म्हणून जे दाखवतात ते दागिन्यांच्या मापाचे असते. प्रश्न खरोखर विचार करण्याजोगा वाटला, म्हणून त्यावर चार गोष्टी गोळा करून या अंकात देत आहोत.

बंदूक शेतकऱ्याच्या घरात आली ती पिकासाठी आणि वस्तीच्या राखणीसाठी. १९५९ च्या शस्त्र कायद्यातच तशी सोय आहे. पीक राखण्यासाठी ठासणीची बंदूक आणि संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान २० इंच नळीची, आतून गुळगुळीत नळी असलेली बंदूक, यांच्या परवान्याचा त्यात स्वतंत्र उल्लेख आहे. मळ्यात राहणाऱ्या माणसाला रानडुकरांचा जाच काय असतो हे सांगायला नको. एका रात्रीत उसाचे पार भुईसपाट करून जातात. पण एक गोष्ट इथेच सांगून टाकू. बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याचा परवाना नव्हे. त्याला १९७२ चा वन्यजीव कायदा वेगळा आहे, आणि बिबट्या त्यात पहिल्या परिशिष्टात आहे.

बिबट्याचा विषय निघालाच आहे, तर कामणचे सांगतो. आमच्या एका सभासदाची लेक वसई तालुक्यात कामण गावी दिली आहे. वसईहून दिव्याला जाणाऱ्या रेल्वेवर ‘कामण रोड’ स्टेशन लागते, तेच हे गाव. एका अंगाला कामणदुर्ग, दुसऱ्या अंगाला तुंगारेश्वरचे जंगल, २००३ पासून अभयारण्य. तिथे ऊस नाही, भात आणि भाजीपाला. तरी तिथल्या माणसांशी बोलताना जुन्नर-आंबेगावच्या ऊसकऱ्यांशी बोलतो आहोत असे वाटले, कारण रात्री दार लावताना मनात येणारे जनावर दोन्हीकडे एकच. २०२४ साली तर थेट वसईच्या किल्ल्यात बिबट्या शिरला होता आणि त्याला पकडायला वन खात्याला काही आठवडे लागले.

कामणला जायचे आणखी एक कारण होते. चिंचोटीहून भिवंडीला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेने तिथे कारखान्यांचे गाळे झाले आहेत. अशाच एका गाळ्यात पत्र्याची कपाटे होतात आणि माप दिले की बंदुकीचे कपाटही करून देतात. व्याह्यांच्या घरी भिंतीला ठासणीची जुनी बंदूक खुंट्यांवर आडवी लावलेली आम्ही पाहिली, आणि तासाभराने गाळ्यात तयार होत असलेले कपाट पाहिले. या दोन वस्तूंमधले अंतर म्हणजेच आजचा विषय.

आपल्याकडे बंदूक कुठे असते? दाराआड, माळ्यावर, पलंगाच्या गादीखाली, नाहीतर साड्यांच्या कपाटात उभी. का, तर रात्री-अपरात्री हाताशी असावी. ठासणीच्या बंदुकीचे तर आणखी अवघड. एकदा ठासली की उतरवण्याचा खटाटोप नको म्हणून ती तशीच भरलेली टांगून राहते. अशी बंदूक कोणाच्या घरी असेल तर कपाटाचा विचार नंतर करावा, आधी ती जाणकार गनस्मिथच्या हातून रिकामी करून घ्यावी.

कपाट चोरासाठी घ्यायचे असे सगळे धरून चालतात. आमचे मत थोडे निराळे आहे. चोर वर्षा-दोन वर्षांत एखादा येईल, न येईलही. घरातली पोरे रोज घरात असतात. सुट्टीला आलेली भाचरे असतात. दारू पिऊन तावातावाने बांधाच्या भांडणावरून परत आलेला भाऊ असतो. आणि कर्जाच्या, नापिकीच्या विचारात रात्र रात्र जागणारा माणूसही घरातलाच असतो. अशा माणसाच्या हाताला त्या घटकेला बंदूक लागली नाही तर ती घटका टळते, आणि टळलेली घटका पुष्कळदा कायमची टळते. अमेरिकेत घरोघरी बंदुका आहेत. तिथे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की बंदूक कुलपात, रिकामी, आणि काडतुसे वेगळी व तीही कुलपात, या चारही सवयी जिथे होत्या तिथे मुलांचे अपघात व आत्महत्या कमी होत्या. कपाट निवडताना हा हेतू पुढे ठेवला की बरेच प्रश्न आपोआप सुटतात.

कायद्याचेही म्हणणे तेच आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवान्यासाठी अर्ज करताना शस्त्र सुरक्षित ठेवण्याचे हमीपत्र द्यावे लागते. पुष्कळजण ते न वाचताच सही करून मोकळे होतात. परवान्याच्या अटी मोडल्या तर शिक्षा आहे, हे तो कागद परत काढून एकदा वाचले म्हणजे कळेल.

आता मापाचे. दुनळी बारा बोअरची नळी साधारण २८ ते ३२ इंच असते आणि दस्त्यासकट बंदूक ४५ ते ४८ इंच भरते. म्हणजे कपाटाची आतली उंची चार फुटांच्या वर पाहिजे, साडेचार असली तर उत्तम. ठासणीची बंदूक याहून लांब असू शकते, तेव्हा टेप लावून माप घ्यावे आणि कागदावर लिहून न्यावे. ‘एवढी असेल’ म्हणून हात पसरून दाखवू नये. मोडती दुनळी असेल तर आणखी एक सोय आहे. नळ्या, खालचा लाकडी तुकडा आणि दस्ता असे तिचे तीन भाग सुटे होतात, आणि मग तीन फुटांच्या पेटीतही ती बसते. नळ्या एका कुलपात आणि दस्ता दुसऱ्या, असे ठेवणारे लोक आहेत. आम्हाला ही पद्धत फार पसंत पडली. (बारा बोअर हे नाव कसे पडले हे बऱ्याच बंदूकवाल्यांना ठाऊक नसते. एका पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत बसेल ती बारा बोअर.)

पत्र्याकडे नीट बघावे. घरातल्या साध्या लोखंडी कपाटाचा पत्रा एक मिलिमीटरच्या आसपास, कित्येकदा त्याहून पातळ असतो. पहारीचे टोक घातले की दार वाकते. इंग्लंडमध्ये बंदुकीच्या कपाटाचे जे सरकारमान्य प्रमाण आहे त्यात पत्रा किमान २ मिलिमीटर धरला आहे. कामणच्या गाळ्यात ३ मिलिमीटरचे काम चालू होते. पाच फूट उंच, दीड फूट रुंद आणि सव्वा फूट खोल असे कपाट धरले तर ३ मिलिमीटर पत्र्याचे वजन सुमारे ६८ किलो होते, कुलूप-पट्ट्या धरून पंचाहत्तर-ऐंशी. तेच ०.८ मिलिमीटरच्या पत्र्यात केले तर जेमतेम १८ किलो, म्हणजे एकटा माणूस खांद्यावर टाकून उसात शिरेल. त्यामुळे दुकानदार रंग आणि हँडल दाखवत असला तरी आपण वजन विचारावे. वजन लपवता येत नाही.

पण ऐंशी किलोसुद्धा दोन माणसे उचलतात आणि बाहेर टेम्पो उभा असतो. ऑस्ट्रेलियात १९९६ नंतर बंदुकांचे नियम कडक झाले. तिथल्या काही राज्यांत कपाट १५० किलोंपेक्षा हलके असेल तर ते बोल्टने बांधकामाला जखडणे सक्तीचे आहे. आपणही जखडावेच. अडचण येते ती भिंतीची. विटा-सिमेंटच्या भिंतीत अँकर बोल्ट घट्ट बसतो. मातीच्या भिंतीत तो हाताने उपसून येतो, आणि कामणकडच्या जुन्या घरांतल्या कारवीच्या कुडाला तर बोल्ट म्हणजे काय हेच ठाऊक नाही. अशा घरात जमिनीत काँक्रीटचा ओटा ओतावा, त्यातच बोल्ट उभे करावेत आणि कपाट तळातून आवळावे. बोल्टच्या चाक्या आतून आवळता येतील अशी भोके तळाला आणि पाठीला आधीच पाडून घ्यावीत. मागाहून घरी ड्रिल मारायला गेले की रंग उडतो आणि तिथूनच गंज धरतो.

गाळ्यातले मिस्त्री सांगत होते की गिऱ्हाईक कुलपाकडे बघते आणि चोर बिजागरीकडे. बिजागरी बाहेर असेल तर ती कापून दार त्या बाजूने उघडता येते. म्हणून दाराच्या बिजागरीच्या बाजूलाही आतून चौकटीत जाणारी पट्टी असली पाहिजे. बाहेर कडी आणि त्याला टांगते कुलूप, हा प्रकार तर बंदुकीला घेऊच नये.

कुलूप किल्लीचे घ्यावे की आकड्यांचे, यावर घरात वाद होईल. आकड्यांच्या कुलपाला किल्ली लपवावी लागत नाही ही मोठी सोय. ते सेलवर चालते, वीज गेली तरी अडत नाही. पण सेल वर्षातून एकदा बदलावेत, फुटून गळले तर आतले बिघडते. आकडा मात्र आपला सभासद क्रमांक, फटफटीचा नंबर किंवा जन्मसाल ठेवू नये. घरातल्या शेंबड्या पोरालाही ते पाठ असतात. बोटाच्या ठशाचे कुलूप हल्ली पुष्कळ दाखवतात. रेशन दुकानात मशीनवर अंगठा उमटत नाही म्हणून ज्यांना दोन-दोन खेपा घालाव्या लागल्या त्यांनी या कुलपाच्या नादी लागू नये. पाचट आणि खोरे यांनी घासलेल्या बोटांना ते ओळखत नाही. आमची पसंती विचाराल तर चांगल्या लिव्हरच्या किल्लीच्या कुलपालाच.

फक्त ती किल्ली! देव्हाऱ्यात, तांदळाच्या डब्यात, कोनाड्यात, कपाटाच्याच वर. ही सगळी ठिकाणे घरातल्या पोरांना चालायला लागल्यापासून माहीत असतात. परवाना ज्याच्या नावाचा, किल्ली त्याच्याच अंगावर असावी, बंडीच्या आतल्या खिशात किंवा करदोट्याला. दुसरी किल्ली घरात ठेवूच नये. बँकेत लॉकर असेल तर तिथे. काडतुसांची पेटी निराळी, तिचे कुलूप निराळे, आणि तिची किल्ली या किल्लीच्या जुडग्यात नको.

ठासणीची काळी दारू मात्र लोखंडी कपाटात कोंडू नये. आग लागली तर बंद लोखंडी पेटीतली दारू म्हणजे बाँबच. ती थोडीच बाळगावी, जाड लाकडी पेटीत, चुलीपासून लांब, कुलपात. आणि पेटवणाऱ्या टोप्या तिच्याजवळ ठेवू नयेत.

ओल हा बंदुकीचा दुसरा शत्रू. वसईकडे पावसाळ्यात भिंतींना पाझर फुटतात, आणि आपल्याकडेही नदीकाठच्या मळ्यात फार वेगळे नसते. बंदूक कॅनव्हासच्या किंवा कातड्याच्या गवसणीत घालून कपाटात ठेवू नये, गवसणी ओल धरते आणि महिन्याभरात नळीवर तांबूस ठिपके येतात. शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवून नुसतीच उभी करावी, खोबरेल लावू नये, ते चिकटते. सिलिका जेलच्या निळ्या पुड्या मिळतात. त्या गुलाबी झाल्या की ओल पिऊन भरल्या असे समजावे, तव्यावर मंद आचेवर तापवल्या की परत निळ्या होतात. आगीपासून वाचवणारी जाड भिंतीची तिजोरी महाग पडते, आणि तिच्या अस्तरातल्या मसाल्यामुळे आत दमटपणा वाढतो. ती घेणाऱ्याने पुड्या जास्त ठेवाव्यात.

खंडेनवमीला बंदूक पूजेसाठी बाहेर निघते, तेव्हा ती रिकामी आहे हे नळी उघडून दोघांनी पाहावे. वरातीत हौसेने बार उडवण्याचा प्रकार तर आता सरळ गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. त्याच दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात, आणि परवान्याची मुदत तीनची पाच वर्षे झाली. दोनच मावतील एवढे कपाट पुरे, हा त्यातून निघणारा हिशेब.

एक गोष्ट मात्र कपाट घेऊनही सुटत नाही. परवानेदार म्हातारे वारतात, आणि बंदूक तशीच त्या घरात राहते. मुलगा म्हणतो, बाबांची आठवण आहे. पण परवाना बाबांच्या नावाचा होता. वारसांनी विनाविलंब ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी आणि मग आपल्या नावाने परवाना मागावा. आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्त आणि इतरत्र जिल्हाधिकारी परवाना देतात. कामण आता २०२० साली झालेल्या मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालयात येते. आपल्या सभासदांपैकी बहुतेकांना जिल्हाधिकारी कचेरीतच जावे लागेल.

हीच सोय हयात परवानेदारालाही आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. घरात आजारपण, भांडण, दारू किंवा मन बिघडलेले माणूस असेल, तर सक्ती नसतानाही आपली बंदूक सुरक्षित ठेवण्यासाठी विक्रेत्याकडे काही काळ जमा करता येते. त्याचे भाडे पडते. पावतीवर बंदुकीचा नंबर आणि काडतुसांची संख्या बरोबर लिहिली आहे का, हे तिथेच उभे राहून वाचून घ्यावे. निवडणुकीच्या वेळी जमा करायला सांगितले तरी तसेच. तेवढे दिवस घरचे कपाट मोकळे राहील, त्यात सातबारा, खातेउतारे आणि कारखान्याचे शेअर सर्टिफिकेट खुशाल ठेवावे. सिलिका जेलची पुडी तेवढी काढू नये.