जुनं लेगो यान, नवे रंग: निळं-राखाडी गॅलक्सी एक्सप्लोरर काळं-पिवळं कसं होतं?

फोनमध्ये डार्क मोड ऑन केला की काय होतं? बटणं जागच्या जागी राहतात, मजकूर तोच राहतो, फक्त रंग बदलतात. लेगोच्या जुन्या अंतराळयानांचे चाहते अगदी हेच करतात. यान तेच, आकार तोच, रंगसंगती नवी. स्क्रीनवर हे काम काही मिनिटांचं आहे. पण हातात धरता येईल असं यान बनवायला घेतलं की हिशोब बदलतो, आणि तो आधी केला नाही तर खिशाला चांगलाच फटका बसतो.

कुठलं यान, कुठले रंग?

लेगोची अंतराळ मालिका १९७८ साली सुरू झाली. त्यातलं सगळ्यात गाजलेलं यान म्हणजे गॅलक्सी एक्सप्लोरर, संच क्रमांक ९२८. एकूण ३३८ तुकडे, रंग निळा आणि राखाडी, काचा पारदर्शक पिवळ्या. २०२२ साली कंपनीला ९० वर्षं झाली तेव्हा हेच यान मोठ्या आकारात परत आलं. हा संच क्रमांक १०४९७, तुकडे १२५४.

मधल्या काळात लेगोने अंतराळातल्या वेगवेगळ्या टोळ्या आणल्या आणि प्रत्येकीला स्वतःचे रंग दिले. १९८७ साली ब्लॅकट्रॉन आली, काळी आणि पिवळी. १९९० साली एम-ट्रॉन, लाल रंगाची आणि झगझगीत हिरव्या काचांची. १९९३ साली आइस प्लॅनेट, पांढरी-निळी आणि नारिंगी काचांची. त्यामुळे चाहत्यांना साहजिकच प्रश्न पडतो: गॅलक्सी एक्सप्लोरर ब्लॅकट्रॉनकडे असतं तर कसं दिसलं असतं?

मुंबईच्या उपनगरात राहणाऱ्याला याचं उत्तर डोळ्यांसमोर आणायला वेळ लागणार नाही. अंधेरी नाहीतर मुलुंड स्टेशनबाहेर रिक्षांच्या रांगेकडे बघा. तीच काळी-पिवळी.

स्क्रीनवर: एक आकडा बदला

लेगोचं डिजिटल मॉडेल साठवायची एक जुनी आणि खुली पद्धत आहे, एलड्रॉ. जेम्स जेसिमन याने ती १९९५ साली बनवली. एलड्रॉची फाइल म्हणजे साधा मजकूर असतो, दर तुकड्याला एक ओळ. मराठी आकड्यांत लिहिली तर एक ओळ अशी दिसेल:

१ १ ० ० ० १ ० ० ० १ ० ० ० १ ३००१.डॅट

पहिला आकडा सांगतो की ही तुकड्याची ओळ आहे. दुसरा आकडा रंगाचा, १ म्हणजे निळा. पुढचे तीन आकडे जागा सांगतात, त्यापुढचे नऊ तुकडा कसा वळवलाय ते सांगतात. शेवटी तुकड्याचा क्रमांक. ३००१ म्हणजे आपली ओळखीची २ बाय ४ वीट.

म्हणजे आकार आणि रंग एकमेकांत मिसळलेले नाहीत. दुसरा आकडा १ चा ० केला की वीट काळी, १४ केला की पिवळी. बाकी यान तसंच. अॅपमध्ये डार्क मोड देतानाही आम्ही हेच करतो. 'पार्श्वभूमी', 'मजकूर', 'बटण' अशा भूमिकांना नावं देतो आणि प्रत्येक भूमिकेचा रंग वेगळा लिहून ठेवतो.

इथेही भूमिकेनेच विचार करा. निळ्याचा सरसकट काळा आणि राखाडीचा सरसकट पिवळा केलात, तर पिवळा फार होतो. ब्लॅकट्रॉनमध्ये बहुतेक अंग काळं असतं, पिवळा कडा आणि पट्ट्यांपुरता. आधी यादी करा: अंग, पट्टे, काच, आतला सांगाडा. मग रंग ठरवा. काच तर बदलावीच लागत नाही, कारण ब्लॅकट्रॉनच्या काचाही पारदर्शक पिवळ्याच होत्या.

हातात: प्रत्येक रंगाचा तुकडा मिळत नाही

फाइलमध्ये कुठल्याही तुकड्याला कुठलाही रंग देता येतो. कारखान्यात तसं नसतं. साचा एकच असला तरी प्रत्येक रंगाचा माल वेगळा काढावा लागतो, वेगळा साठवावा लागतो. ज्या संचात गरज पडली त्याच रंगात तो तुकडा निघतो. त्यामुळे काही तुकडे काळ्यात सहज मिळतात, पण पिवळ्यात कधी बनलेलेच नसतात.

हे फोनवर तपासता येतं. रीब्रिकेबल या साइटवर संचाची पूर्ण यादी मिळते, आणि कुठला तुकडा कुठल्या रंगात, कुठल्या वर्षी आला तेही दिसतं. सुटे तुकडे विकणारी ब्रिकलिंक ही साइट २००० साली सुरू झाली. २०१९ पासून ती लेगोच्याच मालकीची आहे. तिचं स्टुडिओ हे मोफत सॉफ्टवेअर विंडोज आणि मॅकवर चालतं.

एक सापळा लक्षात ठेवा. दोन्हीकडे रंगांचे क्रमांक वेगळे आहेत. एलड्रॉमध्ये ७ म्हणजे जुना फिका राखाडी, ब्रिकलिंकवर ७ म्हणजे निळा. यादी हाताने उतरवली तर चुकीच्या रंगाचे तुकडे घरी येतील.

हवा तो तुकडा नसेल तर पर्याय शोधायचा. २ बाय ८ ची एक पट्टी नाही मिळाली तर २ बाय ४ च्या दोन लावा. फक्त वरच्या थराचा सांधा खालच्या सांध्यावर येऊ देऊ नका. भिंत बांधताना गवंडी हेच पाळतो.

खर्च कुठे वाचतो?

खेळण्यांवरचं आपल्याकडचं मूळ आयात शुल्क २०२० साली २० वरून ६० टक्के झालं, २०२३ साली ७० टक्के. त्यावर पोस्टाचा खर्च वेगळा. म्हणून परदेशातून जितके कमी तुकडे मागवाल तितकं बरं.

- आतले, न दिसणारे तुकडे बदलूच नका.
- दहा विक्रेत्यांकडून थोडं-थोडं घेण्यापेक्षा एक-दोघांकडे जास्तीत जास्त तुकडे मिळतात का बघा.
- घरातला जुना साठा आधी तपासा. लेगोच्या विटेचं पेटंट २८ जानेवारी १९५८ चं आहे आणि तेव्हाची वीट आजच्या विटेत बसते.

जुने तुकडे वापरताना राखाडीकडे नीट बघा. २००४ च्या सुमारास लेगोने राखाडी रंग बदलला, नव्यात निळसर झाक आहे. दोन्ही शेजारी लावले की फरक लगेच डोळ्यात भरतो. शिवाय उन्हाने जुने पांढरे आणि राखाडी तुकडे पिवळट पडतात. हायड्रोजन पेरॉक्साइडने ते उजळवता येतात, पण पिवळेपणा परत येऊ शकतो, आणि हे रसायन हातमोजे आणि चष्मा घालूनच वापरायचं असतं. काळ्या यानाच्या पोटात असे तुकडे तसेच दडवून टाकणं जास्त सोपं.

सुरुवात करायची तर १०४९७ ची बांधणी पुस्तिका लेगोच्या साइटवर फुकट आहे. ती उतरवून घ्या, तुकड्यांची यादी काढा आणि प्रत्येक तुकड्यापुढे त्याची भूमिका लिहा. यादी पूर्ण झाली की किती तुकडे खरंच विकत घ्यावे लागतील ते दिसेल. पैसे त्यानंतर काढा.